नखरंजन आणि राबता हात : भंडारा जिल्ह्यातील एका घरगुती कलेचा विचार

हाताच्या नखांवर घरच्या घरी रंग चढवून त्यांवर ठिपके, रेषा, वेली, फुले काढण्याची जी रीत आज खेड्यापाड्यांतील मुलींमध्येही रूढ झाली आहे, तिचा विचार करताना अभ्यासक बहुधा दोहोंपैकी एक भूमिका घेतो. एक तर शहरी फॅशनचे अनुकरण म्हणून तो तिला बाजूस सारतो. नाही तर रांगोळी, गोंदण, मेंदी यांच्या यादीत तिचे नाव शेवटी जोडून मोकळा होतो. पहिल्या भूमिकेत तुच्छता आहे, दुसरीत आळस आहे. या कलेत साधलेले कोणते आणि फसलेले कोणते हे सांगण्याचे समीक्षेचे मूळ काम मात्र दोहोंतही राहून जाते. भंडारा जिल्ह्यापुरता हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. कारण येथे नख हे आधी हत्यार आहे आणि मग अलंकार.

हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. मृगाच्या पावसानंतर पऱ्हे टाकले जातात, आणि आषाढ-श्रावणात रोवणी सुरू झाली की गावातील बहुतेक स्त्रिया दिवसभर बांधीतील चिखलात उभ्या असतात. पऱ्हे उपटताना आणि रोपाचे मूळ चिखलात दाबताना बोटांची अग्रे आणि नखे हीच अवजारे असतात. उन्हाळ्यात मोहफुले वेचणे आणि तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे बांधणे ही कामे. बिड्या वळणाऱ्या घरांत बारमाही पान कातरण्याचे, वळण्याचे आणि बिडीचे तोंड मुडपण्याचे काम. मोहाडी, आंधळगाव या भागांत कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे विणकाम चालत आले आहे. तेथे नखाची कड जराशी खरखरीत असली तरी तंतू अडकतो. भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध. ती चिंच आणि राख लावून उजळणारा हातही हाच. अशा हाताला नख वाढवून रंगविणे परवडत नाही, हा सर्वसाधारण समज. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु न परवडणारी गोष्ट माणसे कशी परवडवून घेतात, कोणती तडजोड करतात, त्या तडजोडीतून कोणते रूप जन्मास येते, हाच तर कलेच्या अभ्यासाचा विषय असतो.

या संदर्भात वात्स्यायनाचे एक निरीक्षण पुन्हा वाचण्याजोगे आहे. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात नखांची प्रांतवार वर्गवारी आली आहे. गौडांची नखे लांब, हाताला शोभा देणारी आणि पाहताक्षणी स्त्रियांचे चित्त वेधणारी. दाक्षिणात्यांची आखूड, काम सोसणारी. आणि महाराष्ट्रकांची मध्यम, दोहोंचे गुण अंगी असणारी, असा त्याचा आशय. प्रकरण नखक्षतांचे आहे, नखरंजनाचे नव्हे, आणि विचार पुरुषांच्या नखांचा आहे, हे ध्यानात ठेवूनच या वचनाचा उपयोग केला पाहिजे. त्यावरून प्रांतस्वभावाचे सिद्धांत मांडणे हास्यास्पद ठरेल. तथापि शोभा आणि कर्मसहिष्णुता हे दोन निकष त्याने एकाच मोजपट्टीच्या दोन टोकांना ठेवले आणि मध्ये उभयगुणी अशी एक जागा मोकळी केली, हे महत्त्वाचे आहे. भंडाऱ्यातील घरगुती नखरंजनाची परीक्षा या मधल्या जागेवरूनच व्हावयास हवी. लांब नखांच्या नगरशैलीचे माप त्याला लावले तर ते अपुरे ठरणार. आणि कामाच्या हाताला अलंकार नको या नीतीचे माप लावले तर ते अनावश्यक ठरणार. दोन्ही मापे बाहेरची आहेत.

रंगाच्या दोन जाती येथे वेगळ्या केल्या पाहिजेत. एक मुरणारा रंग, दुसरा बसणारा. मेंदीच्या पानातील रंगद्रव्य नखातील केराटीन या प्रथिनाशी जखडले जाते. ते धुतल्याने जात नाही, घासल्याने निघत नाही. नख वाढत जाईल तसतसे ते पुढे सरकते आणि शेवटी कापले जाते. हाताच्या नखाची वाढ महिन्याकाठी सुमारे तीन मिलिमीटर. मुळाशी लागलेला रंग टोकाला जाऊन नाहीसा होण्यास चार ते सहा महिने लागतात. तेरड्याच्या फुलांचाही असाच उपयोग पूर्व आशियात होतो. कोरियात मुली तेरड्याची फुले-पाने तुरटीबरोबर वाटून नखांवर बांधतात, आणि पहिले बर्फ पडेपर्यंत तो रंग नखावर राहिला तर पहिले प्रेम सफळ होते अशी तेथे समजूत आहे. मराठीत मात्र तेरड्याचा रंग तीन दिवसांचा, अशी म्हण पडली! फुलाचा रंग तीन दिवस आणि नखावरचा तीन महिने, ही तफावत म्हणकाराच्या ध्यानात आली नसावी. किंवा त्याने फूल नुसते पाहिले, वाटले नाही. हिंदीत याच झाडाला गुलमेंदी म्हणतात, आणि ते नाव अधिक जाणकाराचे आहे.

बसणाऱ्या रंगाची हकीकत निराळी. आजचे नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा. बाटलीतील द्रावक उडून जातो आणि रंगाचा तलम थर नखावर मागे राहतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेत मोटारींसाठी जे झटपट वाळणारे रंगलेप निघाले, त्यांच्याच रसायनातून हा प्रसाधनाचा प्रकार पुढे आला. त्या लेपाला इंग्रजीत ‘लॅकर’ म्हणतात. आणि हा शब्द पोर्तुगीज, अरबी-फारसी असा प्रवास करीत मागे नेला तर संस्कृत ‘लाक्षा’ या शब्दापाशी येऊन थांबतो. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्याची ही लाख पूर्व विदर्भाच्या जंगलांचे जुने उत्पन्न आहे. (लाखनी, लाखांदूर ही तालुक्यांची नावे पाहून व्युत्पत्तीचा मोह होतो, तो पुराव्यावाचून आवरलेला बरा.) लाखेतून दोन वस्तू निघत: राळ आणि तांबडा रंग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि लाखेचा रंग बाजारातून उठला. राळ मात्र लाकडाचे पॉलिश, ग्रामोफोनच्या तबकड्या, बांगड्या यांच्या आधाराने टिकली. २०१० साली एका अमेरिकन कंपनीने दिव्याखाली घट्ट होणारे नवे नखलेपन बाजारात आणले आणि त्याला ‘शेलॅक’, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचेच नाव दिले. त्यात लाख नाही. भारतातील कथाही अशीच मौजेची आहे: १९५२ साली टाटा उद्योगसमूहाने सुरू केलेल्या ‘लॅक्मे’ या प्रसाधनांना नाव मिळाले ते एका फ्रेंच संगीतिकेवरून, आणि ती संगीतिकेची नायिका ‘लॅक्मे’ म्हणजे मुळात आपली लक्ष्मी. नखांचा रंग परका आहे असे म्हणणाऱ्याने निदान त्याची नावे तरी तपासून पाहावीत.

लाखेचा रंग, म्हणजे अळिता, प्राचीन वाङ्मयात मुख्यत्वे पायांवर दिसतो. त्यातील एक प्रसंग विदर्भाच्या वाचकाला विशेष जवळचा आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त मालविका ही विदर्भाची राजकन्या, तिसऱ्या अंकात अशोकाच्या दोहदासाठी बकुलावलिका तिचे पाऊल रंगवते. पाऊल रंगवून झाल्यावर आता तोंडाने फुंकर घालून ते वाळविणे तेवढे उरले आहे, असे बकुलावलिका म्हणते. आणि मग, येथे वारा आहेच, असेही जोडते. टीकाकारांचे सारे लक्ष या प्रसंगी लपून पाहणाऱ्या राजाकडे जाते. त्यामुळे एक साधी गोष्ट दुर्लक्षित राहते: रंगविणारी आणि रंगवून घेणारी अशा दोन स्त्रिया येथे जवळ बसल्या आहेत, रंग वाळेपर्यंत एकीला हालचाल करता येत नाही, आणि या सक्तीच्या स्थिरतेतच मनातले बोलणे होते. नाटककाराने रंग वाळण्याच्या काळाचा रचनेसाठी उपयोग केला आहे. आजही ओसरीवर किंवा दाराशी बसून बोटे पसरून फुंकर घालणाऱ्या नणंदा-भावजया पाहिल्या, म्हणजे कालिदासाने ही क्रिया किती बारकाईने पाहिली होती हे कळते. एरवी ज्या हातांना क्षणाची उसंत नाही त्यांना पंधरा-वीस मिनिटे काही धरता येत नाही, काही उचलता येत नाही. नखरंजनाचा हा लाभ कोणत्याही प्रसाधनशास्त्रात नोंदलेला नाही.

आता रूपाचा विचार. दहा नखे म्हणजे दहा लहान, बाकदार, एकमेकांपासून सुटी पृष्ठे; परंतु ती एका ओळीत येतात, आणि त्यांचा क्रम व लहानमोठेपणा आधीच ठरलेला असतो. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात जी लयमीमांसा केली, ती येथे आश्चर्यकारक रीतीने लागू पडते. सर्व नखांना एकच रंग, हा संवाद. अनामिकेला निराळा रंग देऊन तिच्यावरच फूल काढणे, हा विरोध. अंगठ्यावर मोठे फूल, करंगळीवर एकच ठिपका आणि मधल्या तीन बोटांवर उतरत जाणारी वेल, हा समतोल. घरगुती नखरंजनात या तिन्ही प्रकारांचे नमुने आढळतात, आणि त्यांत तिसरा सर्वांत कठीण म्हणून विरळा. केसांच्या पिनेचे टोक, टाचणीचे डोके, शाई संपलेले बॉलपेन, आगपेटीची काडी, चिकटपट्टीचा काप आणि जुन्या स्पंजाचा तुकडा, एवढीच सामग्री. पिनेच्या टोकाने पाच ठिपके गोल मांडून मध्ये सहावा दिला की फूल झाले. ठिपका ओला असतानाच त्यातून टाचणी ओढली की पाकळी झाली, दोन ठिपक्यांतून ओढली की बदाम झाला. ही रीत रांगोळीच्या ठिपक्यांहून भिन्न आहे. रांगोळीत ठिपका हा रेषेचा आधार असतो आणि पुष्कळदा रेषेखाली लोपतो. नखावर ठिपका हेच अंतिम रूप असते, कारण रेषेला तेथे धावायला जागा नसते. जी मुलगी रांगोळीची सवय तशीच नखावर आणते तिची रचना गजबजते. नखावर जे साधते ते थोडक्यात साधते.

तथापि मर्ढेकरांच्या मीमांसेचा आधार येथेच संपतो. त्यांना सौंदर्यानुभव लौकिक प्रयोजनापासून मुक्त हवा होता. नखरंजनाचा अनुभव तसा मुक्त होऊच शकत नाही. ज्या पृष्ठावर ते केले जाते ते दुसऱ्या दिवशी कणीक मळणार असते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यविचाराचे स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवून दिले आणि एकाच ध्रुवावर उभे राहून संपूर्ण कलाव्यवहाराचा उलगडा होत नाही हे मांडले. मोठमोठ्या कलाकृतींच्या चर्चेत हा मुद्दा तात्त्विक वाटतो. नखासारख्या अर्ध्या इंचाच्या पृष्ठावर तो डोळ्यांना दिसतो: अंगठ्याच्या कडेचा रंग चौथ्या दिवशी उडालेला असतो, आणि अनामिकेवरचे फूल दहाव्या दिवशीही शाबूत असते. लौकिक व्यवहार रचनेत स्वतःची दुरुस्ती करीत असतो.

ही दुरुस्ती आधीच हिशेबात घेणारी रचना ती चांगली रचना, असा निकष येथे सुचतो. जाणत्या हाताच्या नखरंजनात काही गोष्टी पुन्हापुन्हा दिसतात. रंग नखाच्या अगदी टोकापर्यंत जातो आणि कडेवरून किंचित खाली वळतो, त्यामुळे भांडी घासताना पापुद्रा लवकर सुटत नाही. कष्टाच्या बोटांवर, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यावर, नक्षी नसते. तेथे सपाट, फिकट रंग असतो, की जो उडाला तरी डोळ्यांत भरू नये. नक्षी अनामिकेकडे आणि करंगळीकडे सरकते. मुळाशी थोडी जागा मोकळी सोडली जाते, त्यामुळे नख वाढले तरी रचनेला पोकळी पडल्यासारखी दिसत नाही. याउलट पांढऱ्या रंगावर केलेली नाजूक नक्षी हळदीने दोन दिवसांत पिवळी पडते; बहुधा ती भ्रमणध्वनीवरील चित्रफितीतून उचललेली असते. अशा चित्रफितींतून पाहून नाताळची बर्फाची फुले भर उन्हाळ्यातील लग्नसराईत भंडाऱ्याच्या नखांवर उतरतात. अनुकरण म्हणून त्यांचा निषेध करण्याचे कारण नाही. संक्रमणात सर्वच कला असे करतात. दोष आहे तो एवढाच की त्या रचना काल संपलेल्या हातासाठी कल्पिलेल्या असतात, उद्या राबणाऱ्या हातासाठी नव्हे. रंग पूर्ण होताच छायाचित्र निघाले की त्यांचे आयुष्य संपते.

घरगुतीपणाची दुसरी खूण याहून सूक्ष्म आहे, आणि समीक्षेने ती ओलांडून जाऊ नये. व्यावसायिकाच्या दुकानात रंगविलेले दोन्ही हात सारखे असतात. घरी एकटीने रंगविलेले हात सारखे नसतात. उजव्या हाताने डावी नखे सुबक रंगतात; डाव्या हाताने उजवी नखे रंगविताना रंग कातडीवर जातो, ठिपका लांबट होतो, फूल कलंडते. म्हणजे राबणारा उजवा हात हाच शोभेत मागे पडतो. या अडचणीतून दोन वाटा निघतात. एक, उजव्या हाताची रचना मुद्दाम सोपी ठेवणे. काही मुली डाव्या हातावर वेल आणि उजव्या हातावर केवळ ठिपके घेतात, आणि ही विषमता दोष न राहता योजना होते. दुसरी वाट म्हणजे उजवा हात दुसरीच्या हाती देणे. बहीण, जाऊ, नणंद, शेजारीण अशी कोणी तरी हवीच. मग डाव्या हातावर स्वतःची शैली आणि उजव्या हातावर दुसरीची, असे एकाच व्यक्तीच्या दोन हातांवर दोन वळणे दिसू लागतात. संग्राहकाला कर्त्याचे नाव विचारण्याची सवय असते. येथे त्याला प्रत्येक हातासाठी वेगळे नाव विचारावे लागेल. सामूहिक निर्मितीची लोकसाहित्यशास्त्रात जी चर्चा होते तिला इतके मूर्त उदाहरण क्वचितच मिळेल.

काळाचे गणितही पाहण्यासारखे आहे. रोवणीच्या दिवसांत नखे बहुधा कोरी असतात. पोळ्याच्या सुमारास रोवणी आटोपलेली असते, तेव्हा रंगाच्या बाटल्या पुन्हा निघतात. धानाची कापणी सुरू झाली की पुन्हा खंड. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार किंवा नाटक होते, आणि बांगड्या-टिकल्यांच्या दुकानांत नखरंगाच्या बाटल्यांची ओळ लागलेली असते. तेथून लग्नसराईपर्यंतचा काळ या कलेचा भर हंगाम. चरकसंहितेने नखे पक्षातून तीनदा कापावीत असे सांगितले आहे. ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच. पण इतका कडक नियम पाळला तर मेंदी लावलेल्या नखाचे टोक दर पाच दिवसांनी हात सोडून जाईल. व्यवहारात नियम आणि हौस यांची सांगड हंगाम घालतो. म्हणून ही कला मोसमी आहे, आणि तिचा मोसम बाजारापेक्षा बांधीवर अधिक अवलंबून आहे. पूर्वी भंडाऱ्याचाच भाग असलेला आणि १९९९ साली वेगळा झालेला गोंदिया जिल्हाही धानाचाच. तेथेही हे गणित फारसे वेगळे नसणार.

गाथासप्तशतीत एक गृहिणी आहे. चुलीजवळच्या कामात हाताला लागलेली काजळी नकळत तिच्या गालाला लागते, आणि तिचा नवरा तिला हसतो. कारण आता तिचे मुख खरोखरच चंद्रासारखे झाले आहे. दोन सहस्रकांपूर्वीच्या महाराष्ट्री कवीला कामाचा डाग आणि शोभा यांच्यात विरोध दिसला नाही. नंतरच्या नखशिखान्त वर्णनांत नखे चंद्रकला झाली, रत्ने झाली, आणि हातावरची काजळी निघून गेली. पंडिती परंपरेचा हा तोटा केवळ वाङ्मयीन नाही. तिच्याच नजरेने पाहिल्यामुळे आजचा अभ्यासक रंग उडालेले नख पाहिले की ‘कला संपली’ असे समजतो. वस्तुतः बिडीचे तोंड मुडपून ज्याची कड झिजली आहे, मुळाशी दोन मिलिमीटर कोरे नख वर आले आहे आणि मध्ये अर्धे फूल उरले आहे, असे नख हा त्या कलेचा अधिक पूर्ण पुरावा आहे. त्यात रचना आहे, काळ आहे आणि कामही आहे.

तेव्हा विभागाच्या वतीने जे पदव्युत्तर विद्यार्थी जिल्ह्यात लोककलांची नोंदणी करण्यास जातात, त्यांनी सजविलेल्या हाताचे पहिल्या दिवशी एक छायाचित्र काढून परत येण्याची पद्धत सोडावी. त्याच हाताची नोंद आठव्या दिवशी आणि विसाव्या दिवशी पुन्हा घ्यावी. मधल्या काळात त्या हाताने कोणते काम केले ते लिहावे. डावा आणि उजवा हात स्वतंत्रपणे नोंदवावा आणि कोणता हात कोणी रंगविला ते विचारावे. रंग काढण्याची रीतही नोंदीत यावी, कारण ॲसिटोनची बाटली प्रत्येक घरी नसते. पुष्कळ ठिकाणी जुना रंग काढलाच जात नाही. त्यावरच नवा चढतो. अशा नखाची कड भिंगाखाली धरली तर मंडईचा गुलाबी, लग्नाचा तांबडा आणि त्याखाली कोणे एके काळी लावलेल्या मेंदीचा विटकरी थर, असे तिन्ही एकाखाली एक दिसतात.